फूल शेवटी बघा: न्यू मेक्सिकोतला रानटी वाळवंटी गुलाब कसा ओळखायचा

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या दक्षिण भागात मे महिन्यात डोंगराकडे गेलात आणि काटेरी झुडपावर गडद गुलाबी फूल दिसलं, तर ‘सापडला, सापडला’ म्हणून लगेच उड्या मारू नका. हे मी आमच्या जावईबापूंना दर उन्हाळ्यात सांगते आणि ते दर उन्हाळ्यात उड्या मारतात.

मी आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यापासून वर्षातले काही महिने लेकीकडे, लास क्रूसेसला असते. प्रात्यक्षिकाच्या तासाला मुलांच्या मागे जे टुमणं लावायची तेच इथेही लावते: आधी जागा बघा, मग पान, मग काटा, मग फळ. फूल सगळ्यात शेवटी. फुलाचं कौतुक मलाही आहे, पण ते थोड्या दिवसांचं पाहुणं. तुम्ही जाल तेव्हा ते असेलच याची खात्री नाही, आणि असलं तरी रानगुलाबांची फुलं एकमेकांसारखी दिसतात.

एक गोंधळ आधीच मिटवते. नर्सरीत फुगीर बुंध्याचं ‘डेझर्ट रोझ’ मिळतं ते अडेनियम, कण्हेरीच्या कुळातलं. ऑस्ट्रेलियातला ‘स्टर्ट्स डेझर्ट रोझ’ हा कापसाचा भाऊबंद. दगडांच्या दुकानात पाकळ्यांचा दगड ‘डेझर्ट रोझ’ म्हणून विकायला असतो तो जिप्समचा स्फटिक. मी लिहितेय ते रोझा स्टेलाटाबद्दल. हा खराखुरा गुलाब आहे, आणि तो दक्षिण न्यू मेक्सिको, पश्चिम टेक्सास आणि उत्तर ॲरिझोना एवढ्याच पट्ट्यात, तोही ठरावीक डोंगररांगांवर आढळतो. 1898 मध्ये एल्मर ओटिस वूटन यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. ते तेव्हा इथल्याच, लास क्रूसेसच्या कृषी महाविद्यालयात शिकवत होते. म्हणजे पेशाने आमच्यातलेच.

गुलाबाच्या घराण्यात याची चूलच वेगळी आहे. हेस्परोडोस नावाच्या उपप्रजातीत, म्हणजे गुलाबांच्या या पोटगटात, जगभरात दोनच जाती: एक हा, आणि दुसरा मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातला चिमुकल्या पानांचा रोझा मिन्युटिफोलिया. बागेतल्या गुलाबावरून याच्याविषयी अंदाज बांधायला गेलात तर बरेचसे चुकतील, ते यामुळेच.

जागा कशी वाचायची

‘वाळवंटी’ हे नाव ऐकून लोक सपाट वाळूत शोधत फिरतात. तिथे तो नसतो. तो असतो वाळवंटाच्या काठाला उभ्या असलेल्या डोंगरांच्या मधल्या पट्ट्यात, साधारण 1,500 ते 2,100 मीटर उंचीवर, खडकाळ उतारांवर आणि कोरड्या घळींच्या कडेला. खाली त्याला ऊन आणि कोरडेपणा झेपत नाही, वर गर्द झाडीत उजेड पुरत नाही. मधला पट्टा सापडला की निम्मं काम झालं.

हा पट्टा शिकायला माझ्या मते ॲलमोगोर्डोहून क्लाउडक्रॉफ्टला चढणाऱ्या 82 क्रमांकाच्या महामार्गासारखी दुसरी शाळा नाही. ॲलमोगोर्डो साधारण 1,320 मीटरवर, क्लाउडक्रॉफ्ट साधारण 2,640 मीटरवर, आणि मधलं अंतर जेमतेम तीस किलोमीटर. एवढ्यात वनस्पतींचे चार मजले चढून होतात. गाडी दुसऱ्या कोणाला चालवायला द्या आणि तुम्ही खिडकीला नाक लावून बसा.

तळमजल्यावर क्रिओसोट आणि मेस्किट. क्रिओसोटची झुडपं एकमेकांपासून अंतर राखून उभी असतात, पानं बारीक आणि चिकट. मेस्किट म्हणजे आपल्या ओळखीच्या वेड्या बाभळीचे सख्खे. इथे गुलाब शोधू नका. थोडं वर आलं की ओकोटिओच्या लांबलचक काटेरी काठ्या आणि सोटोलचे करवती कडांच्या पानांचे झुबके दिसू लागतात. इथून मी जरा सावरून बसते. मग बुटके, सदाहरित जुनिपर सुरू होतात, त्यांच्यात मिसळलेले पिन्यन पाइन, म्हणजे छोट्या चणीचे देवदारासारखे सूचिपर्णी वृक्ष, आणि मधून मधून माउंटन महॉगनीची झुडपं. माउंटन महॉगनी ओळखायची खूण म्हणजे तिच्या फळाला असलेली पीळ पडलेली, पांढऱ्या केसांची शेपटी. उन्हात अख्खं झुडूप चंदेरी दिसतं. जुनिपर आणि पिन्यन विरळ, मध्ये मोकळे दगड, दगडांत गवताचे पुंजके, असा उतार दिसला की म्हणते, “जावईबापू, पुढे जागा बघून गाडी बाजूला घ्या.” घाटरस्ता आहे, ट्रक येतात. आखून दिलेल्या थांब्यावरच थांबायचं. बोगद्याजवळ असा थांबा आहे. तिथून फ्रेस्नल घळ आणि दूरवर व्हाइट सँड्स या जिप्समच्या वाळूच्या टेकड्यांचा पांढरा पट्टा दोन्ही दिसतात.

हाय रोल्स गावच्या सफरचंदांच्या आणि चेरीच्या बागा लागल्या की तुम्ही 2,000 मीटरच्या वर आलात. पुढे सरळ, उंच, तांबूस खोडाचे पाँडेरोसा पाइन सुरू झाले तर जास्त वर आलात. मागे फिरा.

आता दगड. हा रस्ता चढतो त्या सॅक्रामेंटो डोंगराचा पश्चिमेकडचा कडा मुख्यतः चुनखडीचा, आणि या गुलाबाला चुनखडीचे उतार मानवतात. चुनखडी ओळखायला रसायनशास्त्र लागत नाही. डबीत थोडं व्हिनेगर न्यावं, दगडावर चावीने ओरखडा काढून भुकटी करावी आणि त्यावर एक थेंब टाकावा. बारीक बुडबुडे आले तर चुनखडी. डोंगराच्या पायथ्याकडच्या थरांत नीट पाहिलंत तर दगडात बटणासारख्या गोल चकत्या दिसतात. त्या क्रिनॉइड या समुद्री प्राण्याच्या देठाचे तुकडे. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. आमची नात गुलाबापेक्षा या चकत्याच जास्त शोधते, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

चुनखडी नसली की गुलाब नाही, असा मात्र नियम करू नका. लास क्रूसेसच्या पूर्वेला ऑर्गन पर्वत आहे. त्याचे सुळके अग्निजन्य खडकाचे, तरी त्या पर्वतावरही हा आहे. दगडापेक्षा उताराचा स्वभाव महत्त्वाचा: निचरा चटकन होणारा, माती थोडी, ऊन भरपूर, आणि खडकाच्या भेगेत ओल धरून ठेवायला थोडी जागा. पट्ट्याच्या खालच्या टोकाला शोधत असाल तर उत्तरेकडे तोंड केलेले उतार आणि घळीच्या सावलीच्या बाजू आधी बघा. वरच्या टोकाला उलट, उन्हाच्या बाजू.

झुडूप, फुलाशिवाय

उंची गुडघ्यापासून कमरेपर्यंत. एकटंदुकटं झाड क्वचित. जमिनीखालून धुमारे फुटत जातात, त्यामुळे एक जाळीच तयार होते. लांबून ती करडी-हिरवी, विस्कटलेली, जरा गरीबच दिसते. शेजारून शेकडो माणसं जातात आणि कोणी वळूनही बघत नाही.

पानाशी या. गुलाबाचं पान संयुक्त असतं, म्हणजे एका देठावर अनेक पर्णिका. बागेतल्या गुलाबाला त्या पाच किंवा सात, चांगल्या अंगठ्याएवढ्या. इथे तीन ते पाच, आणि एकेक पर्णिका अर्धा ते सव्वा सेंटिमीटर. अख्खं पान बोटाच्या एका पेरावर मावेल. आकारासाठी मेथीचं पान डोळ्यांपुढे आणा: देठाकडे निमुळतं, टोकाकडे रुंद, आणि दाते फक्त टोकाकडच्या अर्ध्या भागात. गुलाबाच्या पानाला कडेभर दाते असायची सवय; याचे दाते सगळे वर गोळा झालेले. हा आकार एकदा नजरेत बसला की लांबून एवढ्यावरही मी बऱ्यापैकी खात्रीने बोलते.

पानाच्या देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पानासारखे छोटे पंख दिसले पाहिजेत. ही उपपर्णं. याची उपपर्णं टोकाला बाहेर फाकलेली असतात. ही खूण पुढे तोतये ओळखताना उपयोगी पडेल.

काटे सरळ, बारीक, फिकट पिवळट-पांढरे. जिथून पान फुटतं तिथे त्याच्या खाली जोडीने, आणि मधल्या भागातही कमी-जास्त विखुरलेले. काही फांद्या तर काटे आणि टोकदार केसांनी इतक्या भरलेल्या असतात की साल दिसायला जागाच नाही. गुलाबाचा काटा सालीतून निघतो, आतल्या लाकडातून नाही. आडवा दाबला तर स्वच्छ तुटतो. पण ही परीक्षा या झुडपावर घेऊ नका. बागेतल्या गुलाबावर घ्या, तिथे शेकडो आहेत.

भिंग काढा

दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग खिशात हवंच. फोनच्या कॅमेऱ्याने काम भागतं असं लेक म्हणते. भागतं, पण मजा येत नाही. भिंग डोळ्याला टेकवायचं आणि फांदी दिसेपर्यंत आपण पुढे झुकायचं. फांदी ओढून डोळ्याकडे आणायची नाही. कोवळी, या वर्षीची फांदी निवडा.

ऑर्गन पर्वतावरच्या झुडपावर आता तुम्हाला काट्यांच्या मधल्या सालीवर पांढुरकी लव दिसेल. एकेक केस सुटा नाही. एका बिंदूतून पाच-सहा टोकं सगळ्या दिशांना पसरलेली, एकाला लागून दुसरा, असे अगणित तारे. ‘स्टेलाटा’ म्हणजे ताऱ्यांची; जातीच्या नावातला तारा तो हाच. इतर गुलाबांच्या फांदीवर लव असते, ग्रंथी असतात, पण असे तारे शोधून सापडत नाहीत. नुसत्या डोळ्यांना तो सगळा करडा मळ वाटतो. भिंगाखाली पहिल्यांदा ते बघणाऱ्या माणसाचा चेहरा बघणं हा माझा आवडता उद्योग.

इथे एक मेख आहे. सॅक्रामेंटो डोंगरावरचा प्रकार, ज्याला मिरिफिका म्हणतात, त्याच्या फांदीवर हे तारे सहसा नसतात. पर्णिकाही तीनऐवजी बहुधा पाच असतात. म्हणून 82 क्रमांकाच्या रस्त्यावर भिंगातून तारे दिसले नाहीत तर ‘हा तो नव्हे’ म्हणून निघून जाऊ नका. तिथे पानाचा आकार, काटे आणि फळ यांच्यावर भिस्त ठेवा. तारे दिसले तर बाजू भक्कम, नाही दिसले तर खटला खारीज नाही. तिसरा प्रकार ॲबिसा, ग्रँड कॅन्यनच्या परिसरातला. त्याचं वर्णन 1992 मध्ये झालं आणि त्याचा मुलूख तेवढाच आहे. पिन्यन-जुनिपर आणि चुनखडी हे शेजारी तिथेही तेच.

तोतये

सगळ्यात जास्त फसवते ती अपाची प्लूम. हीही गुलाबाच्याच कुळातली, अशाच उतारांवर, पाच पाकळ्यांचं फूल. पण फूल पांढरं, झुडपाला काटे नाहीत, आणि फूल गळल्यावर गुलाबी झाक असलेल्या पिसांचे झुबके येतात. लांबून त्या गुलाबी पिसांनाच लोक फुलं समजतात. आमच्या जावईबापूंच्या बहुतेक उड्या इथल्याच.

दुसरा, खरा स्पर्धक म्हणजे वुड्स रोझ. हा इथला नेहमीचा रानगुलाब. पाच ते नऊ पर्णिका, त्या मोठ्या, दाते कडेने खालपर्यंत. फुलं बऱ्याचदा घोसात. फळ गुळगुळीत आणि लालचुटुक. त्याला पाणी हवं, त्यामुळे तो ओढ्याकाठी आणि वरच्या थंड पट्ट्यात दिसतो. पाय ओले होत असतील तर समोरचा गुलाब बहुधा वुड्स रोझ.

रानटी गूजबेरी तिसरी. बारीक पानं, काटे, बुटकं झुडूप, सगळं जुळतं. वाळवंटी गुलाबाला ‘गूजबेरी रोझ’ असंही म्हणतात, यावरून साम्य किती ते कळेल. फरक पानात: गूजबेरीचं पान एकच, कडेला खाचा पडलेलं. गुलाबाच्या पर्णिका देठापर्यंत पूर्ण सुट्या, आणि बुडाशी ते उपपर्णांचे पंख. देठ कुठे संपतो आणि पान कुठे सुरू होतं, एवढंच बोटाने शोधा.

आता फूल

मे आणि जून हा हक्काचा काळ. पावसाच्या मानाने पुढेही तुरळक फुलतो. फूल एका जागी एकटंच, घोस नाही. रुंदी साडेतीन ते सहा सेंटिमीटर. नखाएवढ्या पर्णिकांच्या झुडपावर एवढं फूल म्हणजे जरा अतीच वाटतं. पाच पाकळ्या, टोकाला उथळ खाच, रंग गडद गुलाबीपासून जांभळट गुलाबीपर्यंत, मध्ये पिवळ्या पुंकेसरांची गर्दी. फूल किंचित उलटं करून खालून बघा, कारण कामाचा पुरावा खालच्या बाजूला आहे. हिरव्या निदलांपैकी बाहेरच्यांच्या कडा पिसासारख्या चिरलेल्या असतात, आणि त्यांच्या खाली, जिथे पुढे फळ होणार, तो फुगीर भाग आत्ताच काट्यांनी भरलेला असतो. वुड्स रोझचा तो भाग गुळगुळीत.

आणि फळ. माझ्या मते सगळ्यात खात्रीचा पुरावा हाच. एक ते दोन सेंटिमीटर, लालसर-तपकिरी, चामडी, वरून पूर्ण काटेरी. रसाळ लाल गोळी नव्हेच. वरच्या टोकाला वाळलेली निदलं ताठ उभी. त्यांच्या मधून आत डोकावून बघा: नेहमीच्या गुलाबफळाचं तोंड एका चकतीने जवळजवळ बंद झालेलं असतं, याचं तोंड वाटीसारखं उघडं. हेस्परोडोसची घराण्याची खूण ती हीच. त्यामुळे फुलांचा हंगाम हुकला तर हळहळू नका. फळं लागल्यावर गेलात तर ओळख उलट जास्त पक्की होते.

जायच्या आधी

जुलै ते सप्टेंबर इथला पावसाळा. सकाळ निरभ्र असते आणि दुपारी डोंगरावर विजा कडाडतात. सकाळी लवकर जायचं आणि दुपारच्या आत खाली उतरायचं. कोरड्या ओढ्याला इथे ‘अरोयो’ म्हणतात. तुमच्या डोक्यावर थेंबही पडत नसताना वर कुठे तरी झालेल्या पावसाचं पाणी त्यातून अचानक लोंढ्याने येतं, म्हणून घळीच्या तळात डबा उघडून बसू नका. काटेरी जाळीच्या बुडाशी आणि दगडांच्या फटीत रॅटलस्नेक हे विषारी साप विसावतात; आधी काठी, मग पाय, हात तर घालूच नका. पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट घाला. पाणी वाटतं त्याच्या दुप्पट न्या.

कुठे जाता येतं तेही तपासा. सॅक्रामेंटोचा बराच भाग लिंकन राष्ट्रीय वनात येतो, तिथे पायवाटा मोकळ्या आहेत. ऑलिव्हर ली उद्यानातून डॉग कॅन्यनची वाट चढते. वनस्पतींचे तेच मजले पायी बघायचे असतील तर ती उत्तम, पण चढ दमवणारा आहे. ऑर्गन पर्वतासाठी पूर्वेकडचं अगिरे स्प्रिंग. सॅन अँड्रेस डोंगर मात्र बहुतांश क्षेपणास्त्र चाचणी क्षेत्रात आहे, तिथे पाऊल टाकायचं नाही. खासगी कुंपणं तर ओलांडायचीच नाहीत.

फांदी, फळ, बी, काहीही तोडायचं नाही. राष्ट्रीय उद्यानात मनाईच आहे आणि राष्ट्रीय वनात परवान्याशिवाय चालत नाही. ‘एक छोटी फांदी घरी लावून बघते’ असं मला एका मैत्रिणीने विचारलं होतं; मी तिला नर्सरीचा पत्ता दिला आणि विषय बदलला.

तोडण्याऐवजी फोटो घ्या, पण या क्रमाने: पूर्ण उतार, पूर्ण झुडूप, शेजारची झाडं, एक पान पट्टीशेजारी, फांदीचा काट्यांसकट जवळून, फळ बाजूने आणि वरून, फूल असलंच तर पुढून आणि खालून. नुसत्या फुलाच्या फोटोवरून कोणी जाणकार ठामपणे सांगणार नाही, आणि सांगितलंच तर त्याच्यावर फार विश्वास ठेवू नका. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करत असाल तर नेमकी जागा झाकण्याचा पर्याय तिथे आहे, तो निवडा. आणि फोटो कुणाला मूळ फाइल म्हणून पाठवण्याआधी त्यातली स्थळाची माहिती काढून टाका. फोन अक्षांश-रेखांश गुपचूप फोटोतच जोडून ठेवतो.